सव्वासतरा इंचांचा हात

जगातल्या एखाद्या विहिरीला स्वतःबद्दल काही लपवून ठेवायचं असेल, तर तिने आमच्या चुलतसासऱ्यांच्या, अण्णांच्या, नजरेला पडू नये एवढंच मी सांगेन. माणसं पहिल्या भेटीत गाव विचारतात, आडनाव विचारतात, कुणाकडचे म्हणून चौकशी करतात. अण्णा विचारायचे, घरी विहीर आहे का? आहे म्हटलं की त्या माणसाबद्दल त्यांना आदर वाटायचा. बुजवली म्हटलं की घरात कुणी गेल्यावर बोलावं तसं ते त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. आणि आमच्याकडे नळ आहे असं कुणी अभिमानाने सांगितलं तर सरळ विषय बदलायचे. माझं लग्न आमच्या घरी, निपाणीला झालं. व्याहीभेटीची वेळ झाली आणि मुलीचे काका सापडेनात. सगळा मांडव धुंडाळून झाल्यावर ते आमच्या परसात सापडले. डोक्यावरचा फेटा त्यांनी कठड्यावर काढून ठेवला होता, नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या होत्या आणि विहिरीत ओणवून ते दोर सोडत होते. माझ्या वडिलांनी जरा नाराजीनेच विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरगी द्यायलोय तुमच्यात. विहिरीची ओळख नको व्हय?" आपल्या विहिरीचं पाणी काठापासून किती हात खाली आहे हे वडिलांना त्या दिवशी प्रथमच कळलं आणि पुढे कित्येक वर्षं ते आल्यागेल्याला ऐकवत राहिले.

अण्णांचा धंदा मोटारी दुरुस्त करण्याचा. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या. बेळगावजवळच्या कंग्राळीत आणि आजूबाजूच्या शिवारात कुणाचीही मोटार जळली, पाणी ओढेनाशी झाली की अण्णांची जुनी मोपेड तिथे जाऊन उभी राहायची. मोटार किती खाली बसवायची हे पाण्यावर ठरतं, म्हणून त्यांनी तरुणपणी पाणी मोजून वहीत लिहायला सुरुवात केली. बाकीचे मेस्त्री मोटार बसली की वही फाडून टाकतात. अण्णांना मात्र त्याची गोडी लागली. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला, सकाळी, न्याहारीच्या आधी, एक्केचाळीस विहिरी. घरात लग्न असो, सुतक असो, ताप असो, त्यात खंड नाही. आमची ही तेव्हा लहान होती. काका दोर सोडणार आणि पुतणी वहीत आकडा लिहिणार, अशी ती जोडी शिवारभर फिरायची. तिचं अक्षर सुंदर आहे याचं श्रेय ती शाळेला कधी देत नाही.

दोर काथ्याचा, टोकाला मोटारीतला एक जाडजूड नट बांधलेला आणि हाताहातावर गाठी. हात म्हणजे अण्णांचा स्वतःचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दरवर्षी खंडेनवमीला पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांच्याबरोबर नवा दोर पूजेला मांडायचे आणि पूजा झाली की गाठी मारायचे. अण्णा बाजेवर हात आडवा ठेवून बसायचे, ही त्या हातावर दोर ताणून एकेक गाठ मारायची. जुन्या दोरावरून नवा दोर मापायला त्यांची सक्त मनाई. जुना दोर वर्षभरात ताणलेला असतो, त्याच्यावरून नवा केला की चूक पुढच्या वर्षात जाते आणि तिथे वाढत बसते, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा मीटरची टेप आणून दिली. त्यांनी ती कौतुकाने उघडून पाहिली, सर्र करून बंद केली आणि काकूंना पडद्यांची मापं घ्यायला देऊन टाकली.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा मोजण्यात नव्हता. मोजणारे पुष्कळ असतात. अण्णांनी त्या सगळ्या वह्या घराच्या कट्ट्यावर खिळ्यांना टांगून ठेवल्या होत्या, ज्याला हवं त्याने येऊन बघाव्यात म्हणून. घरात कुणी असो नसो. कुणी नवी मोटार घ्यायच्या आधी येऊन बघायचं, कुणी भाजी लावावी की जोंधळा पेरावा हे ठरवायला यायचं. त्यांचे नियम मोजके होते. वही घरी न्यायची नाही, इथे बसून उतरवून घ्यायची. शेवटच्या पानांवर आपलं नाव आणि कशासाठी बघितलं ते लिहायचं. पुढे त्याचं काय झालं ते येऊन सांगायचं. आणि घरात काकू असतील तर चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. चौथा नियम काकूंना विचारून केलेला नव्हता.

पाचवा नियम मागाहून आला. जमिनीच्या व्यवहारातल्या एका एजंटाने कट्ट्यावर बसून एका विहिरीचे फक्त श्रावण-भाद्रपदातले आकडे उतरवून नेले आणि बेळगावातल्या एका गिऱ्हाइकाला दाखवले. आकडे अगदी खरे होते. अण्णांना हे कळल्यावर ते रागावले नाहीत, वही काखोटीला मारून गिऱ्हाइकाच्या घरी गेले आणि त्याला त्याच विहिरीचे चैत्र-वैशाख मोठ्याने वाचून दाखवले. गिऱ्हाईक पळालं. तेव्हापासून भिंतीवर खडूने लिहिलेलं असायचं की पावसाळा घेतला तर उन्हाळाही घ्यावा लागेल.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे वरून एक परिपत्रक आलं. संशोधनासाठी जमवलेली माहिती यापुढे कपाटात सडू द्यायची नाही, कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवायची आणि सोबत तिचा परवाना जोडायचा. परवाना म्हणजे ही माहिती कुणी बघावी, कुणी वापरावी, वापरताना काय पाळावं हे आधीच लिहून ठेवणं, म्हणजे प्रत्येकाला येऊन परवानगी मागत बसायला नको. हे काम ग्रंथपालाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी परवान्यांचे प्रकार पाठ करत बसलो होतो. कुठल्यात मूळ माणसाचं नाव द्यावं लागतं, कुठल्यात फेरफार केल्याचं सांगावं लागतं, कुठल्यात घेतलं तसंच पुढे द्यावं लागतं. वाचता वाचता मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी पाहिलं आहे. कुठे ते दोन दिवसांनी लक्षात आलं. कंग्राळीच्या कट्ट्यावर, खडूने लिहिलेलं.

भूगोल शिकवणाऱ्या आमच्या एका तरुण मॅडमना मी हे गमतीने सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी पर्स उचलली आणि त्याच दुपारी त्या माझ्याबरोबर कट्ट्यावर येऊन बसल्या. वह्या चाळताना त्यांचा चहा गार झाला, जे त्या घरात कुणाला माफ होत नसे. अशी सलग नोंद मोठमोठ्या खात्यांकडेही क्वचित सापडते, ही जगाला दिली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी विचारलं, जगाला म्हणजे कुणाकुणाला? मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना, मोबाइलवर, फुकट. अण्णांना ते इतकं पटलं की त्यांनी वह्या तिथल्या तिथे खिळ्यांवरून काढल्या. मग थबकले आणि म्हणाले, वह्या माझ्या असल्या तरी पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीचं आहे, त्यांना विचारायला पाहिजे.

पुढचे चार रविवार मी मोपेडच्या मागच्या सीटवर काढले. मी मराठीत आणि कन्नडमध्ये संमतीचा एक कागद तयार केला होता, पण अण्णा तो कुणाला वाचू देत नसत. उंबऱ्यासमोर उभे राहून ते तोंडी सांगायचे. "तुमच्या विहिरीत किती पाणी हाय ते कुणीबी, कुठनंबी बघंल. तुम्हीबी बघशीला. चालतंय का?" बहुतेकांना चालत होतं. एक विहीर बुजून तिच्यावर तीन मजली इमारत उभी राहिली होती, तिथे अण्णांनी वॉचमनला विचारलं. मालक हुबळीला राहतो, असं तो कन्नडमध्ये सांगत होता. अण्णांनी त्याला कन्नडमध्येच समजावलं की राखतो त्याला विचारायचं असतं आणि सही घेतली. एका बाईंनी मात्र नकार दिला. त्यांची विहीर चैत्रात आटायची, मुलाची सोयरीक चालू होती आणि मुलीकडच्यांच्या हाती मोबाइल होते. मॅडमच्या दृष्टीने एक विहीर गाळणं म्हणजे नोंदीत भोक पडणं. अण्णा म्हणाले, लग्न होऊ दे, मग घालू. भोक राहिलं. पुढच्या वर्षी सून घरात आली आणि तिनेच येऊन वही मागितली, तेव्हा ते भरलं.

मग एककाचा प्रश्न निघाला. संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये मोजमापाचं एकक विचारलं होतं. मी 'हात' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एक हात म्हणजे अठरा इंच धरू या. अण्णा म्हणाले, कुणाचा? शेवटी आम्ही तिघं कॅम्पात गेलो, कारण तिथे लष्करी गणवेश शिवणारा एक म्हातारा शिंपी अण्णांच्या ओळखीचा होता आणि मिल्ट्रीचं माप घेणारा चुकत नसतो असा त्यांचा विश्वास होता. शिंप्याने बाही पूर्ण की अर्धी असं विचारलं. बाही नको, नुसता हात मोजा, असं सांगितल्यावर त्याने चष्म्यावरून आमच्याकडे एकदा पाहिलं. पण माप अगदी मन लावून घेतलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सव्वासतरा इंच. वयाने हात आखडला असेल का, अशी मॅडमना शंका. "दात पडलं, केस गेलं," अण्णा म्हणाले, "हाड हाय तेवढंच हाय." शिंप्याच्या पावतीवर ते माप लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली आणि ती पावती आम्ही नोंदीच्या शेवटी जोडली.

इथवर सगळं छान झालं. यापुढचं जे बिघडलं ते माझ्यामुळे, आणि हे वाक्य लिहायला मला तेव्हा फार दिवस लागले. सगळे आकडे भरून झाल्यावर फॉर्मच्या शेवटच्या पानावर कुणी बघावं असा एक प्रश्न होता आणि त्यात एका उत्तरावर आधीच खूण केलेली होती. मी जेवायच्या घाईत होतो. खूण आहे तशी ठेवून मी बटण दाबलं. ती खूण अशी होती की पहिली दोन वर्षं फक्त नोंदणी केलेल्या संशोधकांनीच बघावं. आकडे भरायला कॉलेजात आणलेल्या वह्यांवर तोवर ग्रंथालयाचे शिक्के पडले होते, आणि शिक्का पडलेली वस्तू आवाराबाहेर न्यायची नाही हा नियम खुद्द मीच काचेखाली लावून ठेवलेला. म्हणजे कट्ट्यावरचे खिळे रिकामे आणि मोबाइलवर कुलूप.

पंधरा दिवसांनी कंग्राळीतला एक शेतकरी मोबाइल घेऊन अण्णांकडे आला आणि आमची विहीर आम्हालाच दिसेना म्हणाला. अण्णा दुसऱ्या दिवशी सिटी बसने माझ्यासमोर हजर. मी तपासलं, चूक दिसली आणि त्यांना म्हणालो की संकेतस्थळात काहीतरी बिघाड आहे. खूण बदलायचा अधिकार आता कॉलेजच्या समितीला होता आणि समितीपुढे अर्ज करायचा म्हणजे चूक कुणाची ते लिहून द्यायला लागणार होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी ते कधी केलं नव्हतं. समितीची बैठक लांबली आहे, असं मी अण्णांना सांगत राहिलो. बैठक खरंच लांबली होती, पण माझा अर्ज तिच्यापुढे नव्हताच.

अण्णा रोज यायला लागले. भांडण नाही, तक्रार नाही. डबा घेऊन दहाच्या ठोक्याला वाचनालयात यायचे, रजिस्टरमध्ये नाव लिहायचे, आपल्याच वह्या चिठ्ठी भरून मागायचे आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे. मग फोन सुरू व्हायचे. गावात सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की वह्या माझ्यापाशी आहेत, काय बघायचं असेल ते फोनवर विचारा. 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून ते मोटारीच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या गळ्याने सांगायचे, व्हय, तुझीच, वडाजवळची, गेल्या वैशाखात एकोणीस हात. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आधी वैतागली, मग त्यांना मजा वाटायला लागली, मग त्यातली दोघं फोन आला की वही उघडून पान काढून द्यायला लागली. वरून माझ्याकडे विचारणा आली की वाचनालयात हा काय प्रकार आहे. घरी आमची ही माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिने मला काही विचारलं नव्हतं. तिला वही लिहायची सवय, चुकलेला आकडा तिला लांबून दिसतो.

एका दुपारी वाचनालयात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना म्हणालो, अण्णा, रोज कशाला त्रास घेता, आज ना उद्या उघडेल. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "पावणं, कुलपाचं काय न्हाय. कुलूप निघतंय. पर मी एकेकाच्या उंबऱ्यावर उभा राहून सांगितलंय, कुणीबी बघंल म्हणून. ते खोटं पडायलंय. त्या घरांत मोटार दुरुस्त करायला मी आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला फार लाज वाटली. इतक्या घरांसमोर या माणसाचा शब्द अडकला होता आणि माझी एक सही तो सोडवू शकत होती. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. चूक माझी, खूण मी न वाचता ठेवली, असं स्वच्छ लिहिलं. समितीने पुढच्या बैठकीत दोन मिनिटांत मंजुरी दिली आणि कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, हेच जास्त लागलं. वह्यांच्या छायाप्रती काढून त्या कट्ट्यावरच्या खिळ्यांना टांगल्या. परवान्यात अण्णांचं नाव द्यावं आणि फेरफार केला तर सांगावं एवढं बसलं. बघून काय केलं ते येऊन सांगा, ही अट परवान्यात घालता येत नाही, म्हणून ती विनंती म्हणून खाली मराठीत आणि कन्नडमध्ये छापली. चहाची अट मॅडमनी हसून वगळली. मी अण्णांपाशी चूक कबूल केली तेव्हा ते म्हणाले, पोरीनं मला कधीच सांगितलं होतं. गावात मात्र ते शेवटपर्यंत मशीनची सेटिंग चुकली होती असंच सांगत राहिले.

त्यानंतर कुठकुठून पत्रं यायला लागली. दूरच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका मुलाने लिहिलं की तुमच्या नोंदींवरून मी अमुक आलेख काढला. मी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. त्याने उन्हाळाही घेतला होता. त्या मुलाला विहीर आहे का ते विचारा, असं त्यांनी मला उत्तरात घालायला लावलं.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. चार दिवस अंथरुणावर होते, त्यात अमावास्या आली, तेव्हा ही एकटी जाऊन मोजून आली आणि त्यांच्या उशाशी बसून तिने बुजलेली सोडून बाकीच्या चाळीस विहिरींचे आकडे वाचले. ते ऐकत होते की नाही ते आम्हाला कळलं नाही. एका ठिकाणी ती चुकून पान उलटून पुढे गेली तेव्हा त्यांचं बोट हललं, असं ती म्हणते.

या खंडेनवमीला आम्ही कंग्राळीला गेलो. काकूंनी नेहमीसारखे पाने, पक्कड मांडले होते, मध्ये काथ्याचा नवा दोर. पूजा झाली. हिने दोर उचलला, बाजेकडे वळली आणि दोराचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली. बाजेवर घडी घातलेली वाकळ होती. जुना दोर कोपऱ्यात लोंबत होता, ताणलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. काकू म्हणाल्या, कर बाई त्याच्यावरनंच, आता कोण बघायलंय. हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता, कारण तिने दोन्ही हातांनी दोर धरला होता.

मी खिशातून मोबाइल काढला. संकेतस्थळ उघडलं. नाव विचारलं नाही, नोंदणी मागितली नाही, कुणालाही उघडतं तसं उघडलं. आकड्यांची पानं ओलांडून मी अगदी शेवटी गेलो, तिथे कॅम्पातल्या शिंप्याची पावती होती. मी तिला माप वाचून दाखवलं. काकूंनी पडद्यांच्या मापाची ती टेप आतून आणून दिली. सव्वासतरा इंचांवर ही पहिली गाठ मारत होती तेव्हा काकू शेजारी बसून ती गाठ अंगठ्याने घट्ट दाबत होत्या.

कोजागरीच्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या आधी, आम्ही दोघं पहिल्या विहिरीवर गेलो. तिने दोर सोडला, मी वही धरली. माझं अक्षर वाईट आहे, पण वही धरायला दुसरं कुणी नव्हतं. पाच हात, चार बोटं, ती म्हणाली. मी लिहिलं. हात कुणाचा ते लिहायची काही गरज नव्हती, सगळ्यांना माहीत आहे. तरी मी लिहिलं.